राजाबाईची कुपाटी

ज्या वर्षी हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला आणि पोरं त्यात स्टंप रोवून क्रिकेट खेळायला लागली, त्या वर्षी मी एक वेल जास्त पाणी घालून मारली. छपाईची चूक नाही, बरोबर वाचलंत. सगळा मराठवाडा टँकरमागे घागरी घेऊन पळत होता. आमच्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला, अशी पाण्याची खात्यांतर्गत बदली चालू होती. आणि मी रोज सकाळी अर्धी बादली नेऊन एका कुंडीत ओतत होतो. आठव्या दिवशी वेल पिवळी पडली. बाराव्या दिवशी मी तिला प्रेमानं हात लावला, तर वरचा भाग हातात आला आणि खालचा कुंडीत राहिला. पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं. खात्यात मी नसलेल्या पाण्याचे तक्ते भरत होतो, त्यामुळे असलेलं पाणी किती घालायचं याचा सराव राहिला नव्हता.

वेलीचं नाव हाडसांधी. काही जण कांडवेल म्हणतात. दिसायला अगदी सामान्य. चार धारांचं हिरवं खोड, चार बोटांवर एक सांधा, पुन्हा चार बोटं, पुन्हा सांधा. पानं अशी तुरळक की जणू कोणीतरी रागावलं म्हणून फुटली असावीत. कुंपणावर चढून बसते, कोणी लावत नाही, कोणी बघत नाही. ती त्या कुंडीत कशी आली हे सांगायचं तर आधी राजाबाई सांगायला हवी, आणि राजाबाई सांगायची तर मला स्वतःवर थोडं चिडावं लागेल. त्याची तयारी आहे.

आमच्या सोसायटीचं नाव वनश्री. सात वर्षांपूर्वी तिथं शेतं होती. वन नव्हतं, श्रीही नव्हती. होती ती ज्वारी. सोसायटीच्या मागच्या अंगाला जुन्या शेताची कुपाटी तेवढी शिल्लक राहिली होती. कुपाटी म्हणजे काटेरी कुंपण. शेर, निवडुंग, बाभळीच्या फांद्या आणि त्या सगळ्यांच्या अंगाखांद्यावर चढलेली ही हाडसांधी. कुपाटीपलीकडे धनगरांची पाच-सहा घरांची वस्ती. त्यातल्या शेवटच्या घरात राजाबाई. वय साठीच्या आसपास, पण ती स्वतः वय सांगते ते दुष्काळात. "बहात्तरच्या दुष्काळात म्या परकर नेसत व्हते," असं.

राजाबाई हाडं बसवते. मेंढरांची, शेळ्यांची, आणि कोणी फारच गयावया केली तर माणसांची. माणसांवर तिचा विश्वास कमी. "मेंढरू खोटं कन्हत नाय," ती म्हणते. "मान्साला जिथं दुखतं तिथं हात लावला की त्ये दुसरीकडंच वरडतं."

ही विद्या तिला तिच्या बापाकडून मिळाली. बाप कडूबा, खुलताबादच्या डोंगरावरचा मेंढपाळ. बहात्तरला मेंढरं मेली आणि सगळं घर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. तिथं रोज कोणाचं तरी बोट हातोड्याखाली यायचं. कडूबा झाडाखाली बसून बोटं बसवायचा. शिंदीच्या झावळीच्या काड्या लावायचा, हाडसांधी वाटून वर थापायचा, चिंधी बांधायचा. राजाबाई चिंध्या फाडून द्यायची. मग एक दिवस बापानं तिच्यापुढं लोकरीनं भरलेलं पोतं ठेवलं. आत बाभळीची एक काडी मोडून टाकलेली. डोळे मिटायचे, पोत्यावरून बोटं फिरवायची, मोड कुठं आहे ते शोधायचं आणि आत हात न घालता, वरूनच दोन टोकं समोरासमोर आणायची. असं वर्षभर. पोरीला काडी सापडली की बाप ती बारीक करायचा. शेवटी शेवटी पोत्यात खराट्याची काडी असायची म्हणे. हे ऐकल्यावर मी घरी येऊन उशीत पेन्सिल मोडून बघितली. टोकं समोरासमोर आली नाहीत, उशीचा अभ्रा मात्र फाटला आणि त्यावर कालिंदीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, जे काही म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाही.

ही माहिती मला कुपाटीच्या अलीकडून मिळाली. सकाळी फिरायला गेलो की मी अलीकडे, राजाबाई पलीकडे, आणि मध्ये निवडुंग. ती वेल कापत असायची आणि बोलत असायची. कोवळं कांडं घ्यायचं. धारा सोलायच्या. चिंचेच्या पाण्यात धुतल्याबिगर तोंडात घालायचं नाही, घसा धरतो. उडदाच्या डाळीत वाटून वडे तळायचे, ते बाळंतिणीला आणि कंबर धरलेल्या म्हातारीला. रस कोमट करून दुखऱ्या कानात. आणि मोडलेल्या हाडावर लेप, त्यावर विंचरलेली लोकर, त्यावर बांबूच्या कांबट्या, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. सातव्या दिवशी सोडायचं, बघायचं, पुन्हा बांधायचं. "आणि हाड कातडं फाडून बाहेर आलं असेल तर?" मी विचारलं होतं. "तर तोंड वर करून घाटीत जायचं," ती म्हणाली. "दवाखाना कशाला बांधलाय मंग?" याबाबतीत तिची मतं आमच्या सोसायटीतल्या निम्म्या सुशिक्षितांपेक्षा आधुनिक आहेत.

आता मी काय केलं ते सांगतो.

आमच्या समितीनं ठरवलं की सोसायटीत औषधी वनस्पती उद्यान करायचं. दुष्काळात. कारण त्याच वर्षी हरित सोसायटी स्पर्धा होती आणि दुष्काळासाठी स्पर्धा थांबत नाहीत. जागा कुठली? मागची, कुपाटीची. "ते काटेरी गचपण काढून टाकू, पक्की भिंत घालू आणि भिंतीच्या कडेनं औषधी वनस्पती लावू," असं आमचे अध्यक्ष श्रीरंगराव म्हणाले. श्रीरंगराव निवृत्त प्राचार्य. त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शांत बसवलं आणि निवृत्तीनंतर आम्हाला. ठराव अकरा मिनिटांत मंजूर झाला, त्यातली चार चहात गेली. सचिव म्हणून जेसीबीच्या पत्रावर सही मी केली. औषधी वनस्पतींसाठी औषधी वनस्पती उपटायच्या आहेत, हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं. म्हणूनच मी मोठ्या कर्तव्यबुद्धीनं जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी हाडसांधीचा एक तुकडा कापून कुंडीत लावला. नमुना म्हणून. जसं एखादं गाव धरणात बुडवण्यापूर्वी गावातल्या एका म्हाताऱ्याचा फोटो काढून ठेवावा.

कुंडीपुढं पाटी लावली. अस्थिशृंखला. खाली लॅटिन नाव, ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. खाली उपयोग. लेप, वडे, कान, सगळं. आणि सगळ्यात खाली, माहिती संकलन : श्रीनिवास लासूरकर, सचिव.

उद्घाटनाला श्रीरंगरावांनी पाहुण्यांदेखत एक कच्चं कांडं तोंडात टाकलं आणि चावत चावत "आपल्या पूर्वजांचं ज्ञान" इथपर्यंत आले. पुढचा घसा वेलीनं ताब्यात घेतला. त्यांचं भाषण वेळेत संपल्याची सोसायटीच्या इतिहासातली ती एकमेव नोंद. पाटीवर चिंचेच्या पाण्याचा उल्लेख मी जागेअभावी गाळला होता.

जेसीबीनं कुपाटीचा मोठा भाग ओरबाडला, पायासाठी चर खणला आणि डिझेल संपलं म्हणून की काय, वस्तीच्या विहिरीकडचा साठेक फूट पट्टा तसाच ठेवून निघून गेला. त्या पट्ट्यात शेर होता, निवडुंग होतं, वेल नव्हती. वेल सगळी गेलेल्या भागात होती.

आणि एप्रिलच्या मधल्या एका सकाळी त्या चरात राजाबाईची कबरी पडली.

कबरी म्हणजे तिच्या कळपाची पुढं चालणारी मेंढी. धनगरांची मेंढरं मेंढपाळामागं जात नाहीत, पुढच्या मेंढीमागं जातात. वस्तीतली सगळी घरं अक्षय तृतीया झाली की पैठणच्या बाजूला, नदीकाठी निघणार होती, कारण इथल्या विहिरीत तळाचा दगड दिसायला लागला होता. तृतीयेला बावीस दिवस होते. कबरी चालली तर कळप चालणार. कबरी चालली नाही तर तिला मागं ठेवायला मागं कोणीच नव्हतं. ती खाटकाकडे जाणार, आणि बिनपुढारी शंभर मेंढरं हमरस्त्यावर ट्रकांच्या पुढ्यात पसरणार.

मी दूध घेऊन येत होतो तेव्हा राजाबाई आमच्या गेटवर उभी होती. आमचा वॉचमन पुंजाराम तिला आत सोडत नव्हता. त्याच्या हातात नोंदवही होती आणि चेहऱ्यावर मेल्याहून मेल्यासारखा भाव.

"मावशे, येवढं लिवावंच लागतं. मला बोलत्यात."

"लिव की. मी कुठं नाय म्हन्ले?"

"गाडी नंबर?"

"पायातली वहान लिव. आन उजव्या हातानंच लिव, जो म्या बसिवला."

पुंजारामचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून मनगटात मोडला होता. त्याच हातानं त्यानं लिहिलं : भेटीचा उद्देश, दोन कांडं.

"सायब," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "कबरीचा पाय गेला. तुमच्या चरात. कुपाटी तर तुमी खाल्ली. कुंडीतली तेवढी द्या."

मी तिला कुंडीपाशी नेलं. ती कुंडी तुम्हाला ठाऊक आहेच. तोवर मी त्यात काहीतरी हिरवं दिसावं म्हणून गवती चहा खोचला होता, पाटी मात्र तीच होती. राजाबाईनं मातीत बोट घातलं, वास घेतला.

"पानी कोनी घातलं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"कामून?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत विधानसभेच्या प्रश्नांना उत्तरं लिहिलेली आहेत मी. या एका 'का'वर मी गवती चहाची पाती सरळ करत बसलो. तिनं पाटीकडे बघितलं. तिला वाचता येत नाही.

"ह्ये काय लिवलंय?"

मी वाचलं. लेप, वडे, कान. तिचेच शब्द होते, मी फक्त त्यांना कोट-टाय घातला होता. ती मान हलवत होती, बराबर, बराबर. शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. पण ती थांबली नाही.

"खाली आजून एक वळ हाय की."

"माहिती संकलन, श्रीनिवास लासूरकर."

"त्ये कोन?"

"मी."

"बरं," ती म्हणाली.

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन निवांत जेवलो असतो. त्या 'बरं'नं मला स्कूटर काढायला लावली.

दुसरीकडे कुठं वेल मिळते का ते बघायला दोघं निघालो. राजाबाई मागं एका अंगानं बसलेली, एक हात माझ्या खांद्यावर. आणि तो हात खांद्याचं हाड सहज चाचपून बघतोय असं मला सगळ्या रस्त्यात वाटत होतं. शरणापूरच्या अलीकडे ती म्हणाली, "थांबा, हितं व्हती." तिथं तारेचं कुंपण होतं आणि प्लॉट विकणे आहे असा फलक. पुढं म्हणाली, "हितं तर लई व्हती, म्हशीच्या गळ्याएवढी." तिथं मंगल कार्यालयाची भिंत होती. पुढं ढाबा. पुढं फार्महाउस, ज्याच्या फाटकावर बाहेरून आणलेली कसली तरी फुलझाडं कुंडीत मान टाकून उभी होती आणि एक माणूस त्यांना पाइपनं न्हाऊ घालत होता. शहर वाढतं म्हणजे काय होतं, याची मी वर्तमानपत्रात पुष्कळ आकडेवारी वाचली आहे. राजाबाईच्या 'हितं व्हती'नं ती आकडेवारी मला पहिल्यांदा कळली. प्रत्येक भिंतीला मी मनात एकेक सही लावत होतो. कुठल्यातरी लासूरकराची असणारच.

दौलताबादच्या किल्ल्याखाली वच्छलाबाई नावाच्या एका म्हातारीची सीताफळाची बाग निघाली. पाण्यावाचून निम्मी वाळलेली, पण कुपाटी जुनी, आणि तिच्यावर हाडसांधी अशी काही माजलेली की दुष्काळ तिला कोणी कळवलाच नसावा. वच्छलाबाईनं "न्या की, पायजे तेवढी" म्हटलं. मी खिशातून चाकू काढला.

"ठिवा त्यो," राजाबाई म्हणाली. "आज फकस्त सांगायचं."

"कोणाला?"

"वेलीला."

तिनं कमरेच्या पिशवीतून हळद काढली, वेलीच्या बुडाला लावली, चिमूटभर बाजरी ठेवली आणि अगदी शेजारणीशी बोलावं तशी बोलली, "उंद्या येते. पाच कांडं नेनार. तीन कबरीच्या पायाला, दोन आमच्या कुपाटीला. ईकायला नाय." आणि उठली.

मी तोवर हिशेब केला होता. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. उद्या पुन्हा चाळीस. "राजाबाई, तिकडे मेंढी तळमळते आहे. वेल काय रात्रीत बदलणार आहे?"

"वेल नाय बदलत. मान्साचा इचार बदलतो. खरंच लागती का, कितीक लागती, त्ये झोपून उठल्यावर कळतं."

मला राग आला. आधी तिचा, मग, शरणापूरच्या जवळपास, स्वतःचा. तीन कांड्यांसाठी ही बाई वेलीला एक रात्र देते आणि आम्ही तीनशे फूट कुपाटीला चहासकट अकरा मिनिटं दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेलो. जाताना बोलायचं नाही अशी अट होती. आयुष्यात प्रथमच मी वीस किलोमीटर गप्प बसलो. कालिंदीनं हे ऐकलं तेव्हा ती राजाबाईला भेटायला निघाली होती. हातभर लांबीची पाच कांडं कापली. वेल तर गाडीभर होती. "आणखी दहा घ्या, लागतील," मी म्हणालो.

"काल पाच सांगितली."

"तिला कोण मोजून दाखवणार आहे?"

"मला येतं की मोजायला," ती म्हणाली.

कबरीचा पाय बांधताना मी बघितला. राजाबाईनं डोळे मिटले, बोटं फिरवली, आणि एका जागी थांबून अशी काही हलकी ओढ दिली की कबरीनं फक्त कान हलवला. लेप, लोकर, कांबट्या, पट्टी. मग उरलेली दोन कांडं तिनं विहिरीकडच्या त्या साठ फुटांत, शेराच्या बुडाशी खोचली. मी विचारलं, "पाणी?" तिनं टाचेनं माती दाबली आणि हात झटकले.

"ह्यो पट्टा तरी ऱ्हाईल का?" तिनं विचारलं. "फुटवा धरायला दोन पावसाळं लागत्यात. आमी वापस आलो आन हितं भित असली, तर माज्या हाताला काम नाय. हात हाय, वेल नाय."

"उरलेल्या पट्ट्यासाठी जेसीबी पुन्हा बोलवायचं पत्र माझ्या सहीशिवाय निघत नाही," मी छाती पुढं काढून सांगितलं. आणि खरोखरच नाही काढलं. वीस दिवस ते पत्र माझ्या टेबलावर होतं. चष्मा सापडत नाही, शिक्का सापडत नाही, प्रकृती बरी नाही. खात्यात पस्तीस वर्षं शिकलेलं सगळं त्या वीस दिवसांत मी सत्कारणी लावलं.

अक्षय तृतीयेच्या आधीच्या रविवारी बैठक झाली. मी कुपाटीचं सगळं मांडलं. चर, मेंढी, वेल. श्रीरंगरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लासूरकर, बाहेरची मेंढी आपल्या चरात पडते, यावरूनच भिंत किती आवश्यक आहे ते सिद्ध होतं."

मी काही बोलण्यापूर्वीच त्यांनी पुढची सूचना मांडली. राजाबाईंचा पर्यावरणदिनी उद्यानात शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, लोकवैद्य म्हणून मानपत्र द्यावं. तोवर भिंत पुरी झालेली असेल, म्हणजे फोटोला पार्श्वभूमी चांगली येईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिच्या हातातलं औषध काढून घेतलं तिच्याच खांद्यावर शाल. वरून नारळ, म्हणजे दोन्ही हात भरलेले राहावेत. त्याच टेबलावर, त्याच पेनानं मी राजीनामा लिहिला. संदर्भ एक ते चार, विषय, आणि मजकुरात 'निर्लज्ज' हा शब्द दोनदा, जो मी खात्यात एकदाही वापरू शकलो नव्हतो. सर्वांना वाचून दाखवला, नोंदवहीत डकवला, किल्ल्या आणि शिक्का श्रीरंगरावांच्या पुढ्यात ठेवला आणि खुर्ची मागं सारून निघून आलो. घरी येऊन कालिंदीला पुन्हा वाचून दाखवला. ती म्हणाली, "अक्षर छान आलंय."

तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती निघाली. घोड्यावर बिऱ्हाडं, कोंबड्या पाटीत, मेंढरं एकमेकांच्या पाठीवर. मी विहिरीकडच्या बाजूनं गेलो. राजाबाईनं कबरीची पट्टी नुकती सोडली होती. कबरी तीन पायांवर उभी राहिली, चौथा उचलून धरला, मग टेकवला, पुन्हा उचलला. सगळा कळप थांबून तिच्याकडे बघत होता. मग ती लंगडत दोन पावलं गेली. तिसरं पाऊल लंगडत नव्हतं, निदान मला तसं वाटलं. मागची मेंढरं हलली.

राजाबाई काठी उचलून निघाली. मी तिच्या बरोबरीनं कुपाटीच्या कडेनं चाललो. शेराच्या बुडाशी ती दोन कांडं तशीच उभी होती. एकाच्या सांध्यावर मोहरीएवढं हिरवं टोक आलं होतं.

"राजाबाई," मी म्हणालो, "त्यांनी तुमचा अपमान केला. मी सहन केला नाही. सगळ्यांसमोर राजीनामा दिला. सचिवपद सोडलं."

ती चालायची थांबली.

"मंग ती सही आता कोनाच्या हातात गेली?"